वाढदिवसाचा एक्स-रे

अमेरिकेत एरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड नावाचं शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पोलाद, तेल आणि जहाजं यांच्या जिवावर काही घराणी गब्बर झाली होती, आणि त्याच कारखान्यांत राबायला आलेली हजारो माणसं भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. १९१२ साली तिथल्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टी. विंगेट टॉड हे इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रुजू झाले आणि त्यांनी हाडं जमवायला घेतली. इस्पितळांत आणि शवागारात ज्यांना न्यायला कोणी आलं नाही, अशा मृतांचे सांगाडे स्वच्छ करून आणि प्रत्येकाची माहिती नोंदवून ते खणांत लावत गेले. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हा साठा तीन हजारांवर गेला.

या साठ्यापाशी १९२०च्या दशकात एक दातांचे डॉक्टर येऊ लागले. त्यांचं नाव बी. हॉली ब्रॉडबेंट. वाकडेतिकडे दात सरळ करण्याच्या शास्त्राचे अमेरिकेतले आद्य गुरू एडवर्ड अँगल, यांचे ते शिष्य. दात सरळ करायला येतात ती बहुतेक मुलंच. म्हणजे ज्या जबड्यात तारा लावायच्या, तो जबडा अजून वाढत असतो. समोर बसलेल्या मुलाची हनुवटी आत गेलेली आहे. ती आपसूक पुढे येईल की तशीच राहील? वरचे दात पुढे आलेत. दात पुढे आलेत की अख्खा जबडाच पुढे आहे? ब्रॉडबेंट यांच्याकडे या प्रश्नांना उत्तर नव्हतं. तेव्हा ते कोणाकडेच नव्हतं.

टॉड यांच्याकडे कवट्या मोजण्याची पक्की पद्धत होती. कवटी एका चौकटीत घट्ट बसवायची आणि पट्टी-कंपासाने मिलिमीटरपर्यंत मापं घ्यायची. वेगवेगळ्या वयांच्या कवट्या ओळीने मांडल्या की वाढ कशी होते ते कळेल, असा हिशोब. पण मुलांच्या कवट्यांशी आल्यावर हा हिशोब अडला. म्हातारा माणूस म्हातारपणाने जातो, मूल मात्र कशाने तरी मरतं. क्षय, घटसर्प, उपासमार, महिनोन्‌महिने चाललेलं आजारपण. आणि या सगळ्यात वाढ आधीच खुंटलेली असते. टॉड यांना हे कळून चुकलं होतं. खणातली मुलाची कवटी मुलं कशी वाढतात हे सांगत नव्हती, या मुलाची वाढ कुठे थांबली एवढंच सांगत होती. शिवाय तिला पुढचं वर्ष नव्हतं. तेच मूल सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी कसं दिसलं असतं, हे कवटीला विचारता येत नाही.

आजाराची खूण ओळखायची तर निरोगी कसं दिसतं ते आधी माहीत हवं. आणि निरोगी मुलाची कवटी त्याच्या गालांमागे, धडधाकट, हसत-खेळत असते.

दाताच्या फोटोची किंमत

आत पाहण्याचं साधन तोवर तीस वर्षांचं झालं होतं. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्ट्सबर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. बोटांची हाडं आणि त्यांत अडकलेली अंगठी. ही बातमी जगभर गेली तेव्हा ब्राउनश्वाइग गावातल्या ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने जानेवारी १८९६मध्येच स्वतःच्या तोंडावर प्रयोग केला. फोटोची काचेची प्लेट काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळून त्यांनी ती दात आणि जीभ यांच्यामध्ये धरली. मग पंचवीस मिनिटं हलायचं नाही. लाळ गिळायची सोय नाही, ओकारी आली तरी दाबायची. पुढे त्यांनी स्वतःच या प्रकाराला छळ म्हटलं. प्लेट धुतल्यावर दाढांची पुसट छाया उमटलेली होती. या कामात त्यांचे साथीदार होते रसायनशास्त्रज्ञ फ्रिडरिश गीझेल. किरणं आणि रेडियम यांच्याशी आयुष्यभर झटलेले गीझेल १९२७ साली कर्करोगाने गेले.

पंचवीस मिनिटं मोठा माणूस बसेल. सात वर्षांचं पोर पंचवीस सेकंद तरी बसतं का?

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे सी. एडमंड केल्स यांनी १८९६मध्येच दातांचे फोटो काढायला सुरुवात केली. त्या वेळच्या नळ्या लहरी असत. नळी नीट पेटली आहे की नाही हे पाहण्यासाठी केल्स आपला हात तिच्यासमोर धरत आणि चमकणाऱ्या पडद्यावर हाडं स्वच्छ दिसली की रोग्याकडे वळत. रोज, वर्षानुवर्षं. हाताला कर्करोग झाला. आधी बोटं गेली, मग हात गेला, एकामागून एक चाळीसच्या वर शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९२८च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

कोणी सावध केलंच नव्हतं असं नाही. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं होतं की या किरणांनी जीव जातो. नळीभोवती शिशाचं कवच घाला, किरणांची वाट बारीक करा, जेवढा भाग पाहायचा तेवढाच उजळा, असं ते लिहीत राहिले. फारसं कोणी ऐकलं नाही. त्यांचं हे बारीक वाटेचं म्हणणं सव्वाशे वर्षांनी पुन्हा आपल्या गोष्टीत येणार आहे.

कंदील आणि भिंत

लहान फिल्मवर दोन-तीन दात दिसत. चेहऱ्याची वाढ पाहायची तर पूर्ण डोकं एका बाजूने टिपायला हवं. १९२२मध्ये ऑगस्ट पासिनी यांनी तसा प्रयत्न केला: नळी दोन मीटरवर ठेवायची आणि डोकं फिल्मच्या चौकटीला पट्टीच्या कापडाने बांधायचं. फोटो निघाले, पण खरी अडचण राहिलीच.

वीज गेल्यावर कंदिलासमोर हात धरून भिंतीवर हरणं-कुत्री नाचवलेल्या कोणालाही ती अडचण कळेल. हात कंदिलाजवळ नेला की सावली राक्षसाएवढी होते, भिंतीजवळ नेला की हाताएवढी. मनगट जरा वळवलं की हरणाचं शिंगच नाहीसं होतं. एक्स-रे हीही सावलीच. यंदा मूल जरा डावीकडे वळून बसलं आणि पुढच्या वर्षी सरळ बसलं, तर फिल्मवरचा जबडा चार मिलिमीटरने लांब दिसेल. तो वाढला की वळला? वर्षाला एक-दोन मिलिमीटरची वाढ मोजायची असेल, तर कंदील, हात आणि भिंत दरवर्षी अगदी त्याच जागी पाहिजेत.

ब्रॉडबेंट यांनी उपाय कवट्यांच्या खोलीतूनच उचलला. टॉड यांची कवटी बसवायची चौकट त्यांनी जिवंत डोक्यासाठी बेतून घेतली. पट्टीच्या जागी फिल्म आली आणि मापाच्या काट्याच्या जागी किरण.

ती चौकट जवळून पाहू. मूल खुर्चीत बसतं आणि खुर्ची वर-खाली करून त्याचं डोकं चौकटीच्या उंचीला आणलं जातं. दोन्ही बाजूंनी दोन गुळगुळीत दांड्या येतात आणि कानांच्या भोकांत हलकेच टेकतात. आता डोकं डावी-उजवीकडे वळू शकत नाही. एक काटा डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेवर येऊन थांबतो. कानाचं भोक आणि ही कड एका आडव्या रेषेत आणली की डोकं पुढे-मागेही कलत नाही. मानववंशशास्त्रज्ञांनी कवट्या मोजण्यासाठी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये ठरवलेली हीच ती रेषा. नाकाच्या मुळाशी आणखी एक टेकू. समोर आणि बाजूला, काटकोनात दोन नळ्या. नळीपासून डोक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर पाच फूट, कायमचं. फिल्म गालाजवळ आणली जाई आणि तिचं डोक्यापासूनचं अंतर दर वेळी नोंदलं जाई, म्हणजे सावली किती मोठी पडली याचा हिशोब नंतर करता येई. मुलाला न हलवता बाजूचा फोटो, पाठोपाठ समोरचा.

१९३१ साली अमेरिकेतल्या 'अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट' या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी ब्रॉडबेंट यांनी ही पद्धत मांडली. त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये हर्बर्ट होफ्राथ यांनीही, एकमेकांना काही माहीत नसताना, अशीच कल्पना प्रसिद्ध केली. जगात नाव राहिलं ते मुख्यतः ब्रॉडबेंट यांचं. यंत्राबरोबर त्यांच्यापाशी आणखी एक गोष्ट होती: यंत्रापुढे वर्षानुवर्षं येऊन बसणारी मुलं.

श्रीमंतांची पोरं, गरिबांच्या कवट्या

या मुलांना आणायचं, तपासायचं, फिल्मचा खर्च करायचा तर पैसा हवा. तो क्लीव्हलंडच्या बोल्टन घराण्यातून आला. घरातला मुलगा ब्रॉडबेंट यांच्याकडे दात सरळ करून घेत होता. त्याच्या आईला, फ्रान्सिस पेन बोल्टन यांना, या कामात रस वाटला आणि १९२९पासून अभ्यासाला बळ मिळालं. याच बाई पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेल्या आणि महायुद्धाच्या काळात परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा कायदा त्यांच्या नावाने ओळखला गेला.

शेजारीच टॉड यांचा दुसरा अभ्यास चालला होता. त्याला पैसा होता चार्ल्स ब्रश यांचा. विजेच्या कमानी दिव्यांनी क्लीव्हलंडचा चौक उजळणारे हे संशोधक. मुलगा अकाली गेल्यावर १९२८मध्ये त्यांनी प्रतिष्ठान काढलं. त्यामागे मानववंश 'सुधारण्याचा' त्या काळी प्रतिष्ठित असलेला आणि आज अंगावर काटा आणणारा विचारही होता. ब्रश अभ्यासात मुलांना पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा बोलावत. उंची-वजन आणि हात, कोपर, गुडघा अशा सांध्यांचे फोटो. पुढे हे दोन्ही अभ्यास 'बोल्टन-ब्रश' या एकाच नावाने ओळखले जाऊ लागले. दोन्हीकडची मिळून हजारो मुलं या नोंदींत आली.

या मुलांना काहीही झालेलं नव्हतं, आणि तीच तर निवडीची अट होती. आजारी मूल नको होतं. बहुतेक मुलं गोरी, खात्यापित्या घरची. ज्या गावात गरिबांच्या बेवारस हाडांवर मोजमापाचं शास्त्र घडलं, त्याच गावात सुखवस्तू घरांतल्या पोरांच्या सावल्यांवर निरोगीपणाची व्याख्या लिहिली गेली.

आज आपण सहज विचारू: धडधाकट लेकराला दरवर्षी किरणांसमोर का बसवायचं? त्या काळी हा प्रश्न फारसा कोणाच्या डोक्यात आला नाही. केल्स यांचा हात ताजा इतिहास होता. पण ते रोज हात धरत, ही मुलं वर्षातून एकदा येत, एवढ्यावर समाधान होतं. आईबाप हौसेने आणत. वाढदिवस झाला की काही दिवसांत फोटोची पाळी.

पेन्सिलीने काढलेला चेहरा

फिल्म धुऊन सुकली की ती उजेडाच्या काचेवर ठेवत. वर अर्धपारदर्शक कागद आणि हातात टोकदार पेन्सिल. कपाळापासून नाकापर्यंतची रेष, टाळू, वरच्या-खालच्या पुढच्या दातांची टोकं, हनुवटीची गोलाई, जबड्याचा मागचा कोपरा. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या खाली, पीयूषिका ग्रंथी बसते तो तुर्की खोगिरासारखा खळगा. पुढच्या वर्षीची फिल्म आली की दुसरा कागद. मग कवटीच्या तळाचे, फारसे न हलणारे बिंदू एकावर एक जुळवून कागद एकमेकांवर ठेवायचे.

असे कागद जुळवताना ब्रॉडबेंट यांना जे दिसलं ते आधी कोणी पाहिलं नव्हतं. त्याच मुलाचा चेहरा दरवर्षी कपाळाखालून पुढे आणि खाली सरकत होता, जणू कोणी मेजाचा खण हळूहळू बाहेर ओढतोय. बाळपणी डोकं मोठं आणि चेहरा त्याखाली दडलेला असतो. बारा वर्षांत चेहरा बाहेर येतो. हनुवटी मागून येऊन गाठते. आजी नातवाकडे पाहून 'आता मोठ्यासारखा दिसायला लागला' म्हणते, ते या रेषांमध्ये मिलिमीटरने उतरलं होतं.

१९३७ साली ब्रॉडबेंट यांनी निरोगी मुलाच्या चेहऱ्यावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यांच्या फिल्म्सनी एका गोष्टीचा कायमचा निकाल लावला. सात-आठ वर्षांच्या मुलाचे पटाशीचे नवे दात येतात तेव्हा ते पंख्यासारखे बाहेरच्या बाजूला फाकलेले असतात आणि मध्ये फट असते. आईला वाटतं, दात वाकडे आले, आता तारा लावा. एक्स-रेत दिसलं ते असं: वरचे सुळे अजून हिरडीत, नाकाच्या कडेला उंचावर असतात. खाली उतरताना त्यांचे टोकदार मुकुट शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतात. मुळं आत दाबली जातात, म्हणून दातांची टोकं बाहेर फाकतात. सुळे खाली आले की रेटा संपतो आणि फट आपोआप बुजते. ब्रॉडबेंट यांनी या वयाला नाव दिलं ते अँडरसनच्या परिकथेतल्या कुरूप बदकपिल्लाचं. दातांचे डॉक्टर आजही त्याला तेच म्हणतात. अर्थात प्रत्येक फट अशी नसते. कधी मध्ये एखादा जादा दात दडलेला असतो. पण बहुतेक वेळा औषध एकच: थांबणं.

टॉड यांच्या अभ्यासातल्या हातांच्या फोटोंचंही सोनं झालं. मनगटातली छोटी हाडं ठरलेल्या क्रमाने उमटतात आणि बोटांच्या टोकांजवळच्या वाढीच्या फटी ठरलेल्या क्रमाने बुजतात. ब्रश अभ्यासातल्या मुलांच्या हातांवरून ग्रॉयलिक आणि पाइल यांनी १९५० साली एक चित्रसंग्रह छापला. मुलाचं हाड किती वर्षांचं आहे, हे आजही जगभरातल्या इस्पितळांत, भारतातही, त्याच्याशी ताडून पाहतात. जबड्याची उरलेली वाढ किती, हे ठरवायला डॉक्टर हाताचा फोटो का मागतो असं एखाद्या बापाला वाटतं. त्याचं मूळ इथे आहे.

आकड्यांचं राज्य

मग आकडे आले. शिकागोचे अ‍ॅलन ब्रोडी यांनी बोल्टनच्या फिल्म्स वापरून तीन महिने ते आठ वर्षं वयाच्या मुलग्यांचा अभ्यास केला आणि १९४१मध्ये म्हटलं की चेहऱ्याचा साचा तिसऱ्या महिन्यालाच ठरलेला असतो. पुढे तो मोठा होतो, बदलत नाही. तारा लावून चेहरा घडवू पाहणाऱ्यांना हा थंड पाण्याचा शिपका होता. १९४८ला विल्यम डाउन्स यांनी डोक्याच्या अशा बाजूच्या फोटोवर, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत 'सेफ'वर, कोन मोजायची पद्धत दिली. त्यासाठी त्यांनी उत्तम दात असलेली वीस मुलं निवडली, दहा मुलगे आणि दहा मुली, बारा ते सतरा वर्षांची. १९५३ला सेसिल स्टायनर यांनी रोजच्या दवाखान्यात चालेल असा सोपा तक्ता केला: वरचा जबडा ८२ अंश, खालचा ८०, आणि दोन्हींतला फरक २.

८२, ८०, २. मुंबई-पुण्याच्या दंत महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी रात्री जागून सेफवर पेन्सिल फिरवली आणि हे आकडे तोंडपाठ केले. पण ही मापं कोणाची? गोऱ्या अमेरिकनांची. आपल्याकडच्या ओठांची ठेवण वेगळी, दातांचा कल वेगळा. त्या फुटपट्टीने मोजलं तर सांगलीची छान दिसणारी मुलगी कागदावर रोगी ठरू शकते. राम नंदा यांनी तरुणपणी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या मुलांच्या वर्षावर्षाच्या फिल्म्सवर काम करून १९५५ साली चेहऱ्याच्या वेगवेगळ्या भागांची वाढ एका वेगाने होत नाही हे दाखवलं होतं. त्यांनी आणि रवींद्र नंदा यांनी १९६९ साली उत्तर भारतीयांची मापं प्रसिद्ध केली. मग देशात ठिकठिकाणी, महाराष्ट्रातही, आपापल्या लोकांची मापं घेणं सुरू झालं. 'सर्वसाधारण' या शब्दामागे कोणाचं तरी गाव असतं, हे आपल्या डॉक्टरांनी असं हिशोब घालून शिकून घेतलं.

टाचण्या आणि फिरणारी यंत्रं

डेन्मार्कमध्ये आर्ने ब्यॉर्क यांना वेगळी शंका होती. सावल्या एकमेकांवर जुळवायच्या त्या हाडाच्या कडांवर. पण हाडाच्या कडा स्वतःच बदलत असतात. एका बाजूने हाड चढतं, दुसऱ्या बाजूने झिजतं. नदीचा काठ पाहून नदी कुठे सरकली हे कसं सांगणार, काठच सरकत असेल तर? १९५१पासून त्यांनी मुलांच्या जबड्यात टँटलम धातूच्या बारीक टाचण्या ठोकल्या, दीड मिलिमीटर लांबीच्या. टाचणी हाडात जिथे आहे तिथेच राहते. मग फिल्म्स टाचण्यांवर जुळवल्या आणि चित्र पालटलं. खालचा जबडा नुसता पुढे-खाली सरकत नव्हता, आतल्या आत फिरत होता. काहींचा पुढे वर, काहींचा मागे खाली. ते फिरणं बाहेरून दिसत नव्हतं, कारण जबड्याच्या खालच्या कडेवर हाड झिजून-चढून त्यावर पांघरूण पडत होतं. ब्रोडी यांचा 'न बदलणारा साचा' पूर्ण खरा नव्हता. हे कळायला मात्र निरोगी मुलांच्या जबड्यात धातू ठोकावा लागला. आज तो प्रस्ताव कुठल्याही समितीपुढे उभा राहणार नाही.

त्याच सुमारास फिनलंडमध्ये युर्यो पातेरो दुसऱ्या प्रश्नाशी झटत होते. जबडा घोड्याच्या नालासारखा वळलेला, फिल्म सपाट. त्यांनी नळी आणि फिल्म दोन्ही डोक्याभोवती फिरवल्या, अशा बेताने की दातांचा वळलेला पट्टा तेवढा स्पष्ट उमटावा आणि बाकीचं धूसर व्हावं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं यंत्र बाजारात आलं. नाव ऑर्थोपँटोमोग्राफ, त्याचंच आपल्याकडे 'ओपीजी' झालं आणि आता ते नाव कुठलाही दवाखाना वापरतो. सहा वर्षांच्या मुलाचा ओपीजी पाहणं ही चकित होण्याची गोष्ट आहे. तोंडात दुधाचे वीस दात, आणि त्यांच्या खाली-वर, हाडात दाटीने उभे असलेले पक्के दात, काहींची नुसती टोपी तयार, काहींची मुळं अर्धवट. मिळून पन्नासच्या आसपास दात एका चिमुकल्या तोंडात. कोणता दात जन्मतःच नाही, कोणता जादा आहे, कोणाभोवती पाण्याची गाठ झाली आहे, हे एका नजरेत कळतं.

पुढचं झपाट्याने झालं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू टिपला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये मायकेल व्हॅनियर आणि शल्यचिकित्सक जेफ्री मार्श यांनी विमानं आखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकतंत्राच्या आधाराने मुलांच्या वेड्यावाकड्या कवट्यांची घनाकार चित्रं उभी केली. जन्मतः कवटीचे सांधे लवकर जुळलेल्या बाळाचं डोकं पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता आलं. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल तेसिए यांनी अशा चेहऱ्यांच्या शस्त्रक्रिया १९६७मध्ये जगापुढे मांडल्या होत्या. आता चाकू लावण्याआधी नकाशा हातात आला. १९९८ साली इटलीतल्या व्हेरोनाच्या गटाने फक्त दात-जबड्यांसाठी शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारं यंत्र मांडलं, पाठोपाठ जपानमधून अराई यांचं आलं. त्याला दवाखान्यात सीबीसीटी म्हणतात. नेहमीच्या सीटीपेक्षा किरणं बरीच कमी, खुर्चीत बसूनच काम. दुभंगलेल्या टाळूच्या मुलात सुळा उतरायला हाड पुरेसं आहे का, अडकलेल्या सुळ्याने शेजारच्या दाताचं मूळ कुरतडलंय का, हे मिलिमीटरने दिसू लागलं.

आणि सोपं झालं की जास्त होऊ लागलं. तारा लावायला आलेल्या प्रत्येक मुलाचा घनाकार फोटो काढायचा मोह दवाखान्यांना झाला.

न काढलेला फोटो

मुलांच्या बाबतीत किरणांचा हिशोब वेगळा असतो. पेशी भराभर विभागत असतात, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जबड्याला लागूनच असते, आणि धोका उमटायला पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी गर्भारपणी आईच्या पोटाचे एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये कर्करोग जास्त आढळतो असं दाखवलं, तेव्हा वैद्यकीय जगाने आधी कानावर हात ठेवले. पण हळूहळू निरोगी मुलांना नुसत्या अभ्यासासाठी किरणांसमोर बसवणं थांबलं. २००८मध्ये अमेरिकेत 'इमेज जेंटली' ही मोहीम सुरू झाली: मुलांचा फोटो गरजेपुरताच, आणि मुलाच्या मापाने. २०१४मध्ये ती दातांच्या दवाखान्यांपर्यंत आली. २०२४मध्ये अमेरिकन दंतवैद्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तर शिशाच्या एप्रनचीही गरज राहिली नाही असं सांगितलं. किरणांची वाट फक्त हवी तेवढी बारीक ठेवा, गरज असेल तेव्हाच फोटो काढा. रोलिन्स १९०१च्या सुमारास हेच सांगत होते.

स्वीडनचे एरिकसन आणि क्युरोल यांनी १९८०च्या दशकात सुळ्यांवर काम केलं. दहाव्या वर्षाच्या आसपास डॉक्टरने वरच्या ओठाखाली बोट घालून हिरडी चाचपावी; दोन्ही बाजूंना सुळ्याचा उंचवटा हाताला लागला तर बहुतेक मुलांना फोटोची गरजच नाही. तो लागला नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर मग एक्स-रे. वेळीच कळलं तर दुधाचा सुळा काढून टाकल्यावर वाट चुकलेला पक्का सुळा पुष्कळदा आपसूक वाटेवर येतो. त्यांच्या अभ्यासातल्या ४६पैकी ३६ सुळ्यांचं तसंच झालं.

बोल्टन अभ्यासातून १९७५मध्ये पारदर्शक पानांचा एक संग्रह निघाला. एक ते अठरा वर्षांपर्यंत, वर्षाला एक चेहरा; फिल्मवर ठेवून जुळवायचा. मूळ फिल्म्स आता जपून ठेवल्या आहेत. उत्तर अमेरिकेतल्या अशा नऊ अभ्यासांमधल्या निवडक फिल्म्स संगणकावर उतरवल्या गेल्या, कारण त्या पुन्हा कोणी काढू शकणार नाही. तसा अभ्यास करायला आज कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. त्या फिल्म्सवर वय आणि क्रमांक असतो, नाव नसतं. बाजूने पाहिलेलं डोकं, कानात दांडीची पांढरी टिकली, आणि उजेड बरोबर असेल तर हाडाच्या पुढे अगदी पुसट, ओठांची आणि नाकाच्या शेंड्याची रेष. त्यातली जी मुलं आज हयात असतील, ती आता म्हातारी झाली असतील.

एखाद्या दवाखान्यात आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन येते. दातांत फट आहे, दात फाकलेत, शाळेत चिडवतात. डॉक्टर ओठ वर करतात, बोटाने हिरडी चाचपतात, आरसा फिरवतात. मग खुर्ची खाली घेत म्हणतात, "ताई, हे या वयातलंच आहे. सुळे उतरले की बुजेल. आत्ता एक्स-रेही नको. वर्षाने दाखवायला आणा."

मुलगी खुर्चीवरून उडी मारते आणि आरशात दात विचकून पाहते. फट अजून तिथेच असते.